वाचून दाखवले, बरोबर आहे

वाकडं वाक्य दिसलं की टाईपताईंचे हात शिवशिवायचे. मग ती दुकानावरची पाटी असो, कुणाच्या लग्नाची पत्रिका असो, नाहीतर नवऱ्यानं फ्रिजवर चिकटवून ठेवलेली चिठ्ठी असो. नवरा बिचारा कामावर जाताना लिहून जायचा, ‘दूध संपले, म्हणजे अगदी संपले नाही, थोडे आहे, पण बघ.’ ताई पेन काढायच्या, ‘दूध आणणे’ एवढंच ठेवायच्या आणि बाकीच्यावर काट मारायच्या.

‘अगं, पण थोडं होतं ना शिल्लक!’ संध्याकाळी नवरा कुरकुरायचा.

‘आणायचंय की नाही, तेवढं सांगा.’

यावर तो माणूस पिशवी घेऊन दूध आणायला जायचा. संसार सुखाचा होता हो, उगाच गैरसमज नको.

ही खोड त्यांना कोर्टानं लावली. ऐन उमेदीत त्या तिथे टायपिस्ट म्हणून लागल्या. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहायचा आणि सुरू व्हायचा, ‘म्हणजे कसं झालं साहेब, मी तेव्हा घरीच होतो, म्हणजे घरात नव्हतो, दारात होतो, आमची ही म्हणाली बघा जरा कसला आवाज येतोय, तसं ती नेहमीच म्हणते...’ साहेब डोळे मिटून घ्यायचे. ताई हातानं सगळं कच्चं उतरवून घ्यायच्या आणि मग मशीनवर पक्कं करायच्या, ‘घटनेच्या वेळी मी माझ्या घराच्या दारात होतो.’ झालं! साहेब बदलत गेले, मशीन जाऊन कॉम्प्युटर आला, पण ताईंची पक्की प्रत काही बदलली नाही. नवीन आलेले साहेबसुद्धा आठवड्याभरात त्यांच्यावर भिस्त ठेवून मोकळे व्हायचे.

जबाब तयार झाला की ताई तो एका सुरात वाचून दाखवायच्या. शेवटची ओळ ठरलेली, ‘सदर जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ साक्षीदार मान हलवायचा, सही करायचा, सुटलो एकदाचा म्हणून खाली उतरायचा. आणि ताई कच्चा कागद उभा-आडवा फाडून टोपलीत टाकायच्या. मागे कधीतरी एका फायलीत कच्चं आणि पक्कं दोन्ही राहिलं होतं, आणि दोन्हीतल्या फरकावर वकिलांनी इतका कीस पाडला होता की मूळ भांडण कशावरून होतं तेच सगळे विसरले. तेव्हापासून ताईंचा नेमच झाला. पक्कं झालं की कच्चं जगात राहता कामा नये.

अशा या टाईपताई संध्याकाळच्या कॉलेजात साहित्याच्या वर्गाला जाऊन बसल्या. तरुणपणी वडील अचानक गेले, शिक्षण अर्धवट सुटलं, ते मनात कुठेतरी सलत होतं. आता मुलगा नोकरीनिमित्त दुसरीकडे राहायला गेला, घर मोकळं झालं. नवऱ्यानं थोडी थट्टा केली, ‘आता गोष्टींचेही जबाब घेणार का?’ पण फी भरायला तोच बरोबर आला. वर्गात सगळी विशी-बाविशीतली पोरं. पोरांनी पहिल्याच महिन्यात त्यांचं नाव टाईपताई पाडलं, कारण ज्याचं त्याचं अडलेलं काम त्या टाइप करून द्यायच्या. द्यायच्या त्या दुरुस्त करूनच. न मागता.

वर्गात त्यांच्या वयाच्या आसपासचे एकच, काका. शाळेची बस चालवायचे. अंगानं थोराड, आवाज मात्र इतका हळू की हजेरीला ‘हजर’ म्हटलेलं मॅडमना ऐकू जायचं नाही आणि अख्खा वर्ग कोरसमध्ये ‘काका आहेत!’ म्हणून ओरडायचा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती, घरी एक लेक. वाचायला बसले की त्यांना भान राहायचं नाही. लिहायला बसले की मात्र घाम फुटायचा. निबंधात ते दोनदा आपटले होते. यंदा तिसरी खेप, आणि कॉलेजचा नियमच होता की तिसऱ्यांदा निबंध गेला की परीक्षेला बसता येत नाही, नाव कमी. काकांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं, तेही फक्त ताईंना, कारण निबंध तपासायला जोड्या लावताना मॅडमनी या दोघांची जोडी लावली.

मॅडमची पद्धत जरा वेगळी होती. आपला निबंध आधी जोडीदाराला द्यायचा. जोडीदारानं तो वाचायचा आणि समासात फक्त प्रश्न लिहायचे. ‘खोडायचं नाही, सुधारायचं नाही, फक्त विचारायचं,’ मॅडम दर तासाला बजावायच्या. मग मूळ लेखकानं त्या प्रश्नांचा विचार करून स्वतःच पुन्हा लिहायचं, आणि कच्ची-पक्की अशा दोन्ही प्रती जोडून द्यायच्या. तपासणाऱ्यालाही त्याचे वेगळे गुण. ताईंना हे सगळं पोरखेळ वाटलं. चूक डोळ्यांसमोर दिसतेय, हातात पेन आहे, आणि म्हणे विचारा!

निबंध होता पाठ्यपुस्तकातल्या एका छोट्या गोष्टीवर. एक म्हातारा बाप स्टेशनवर मुलाला आणायला जातो. मुलानं येतो म्हणून कळवलेलं असतं. गाडी येते, रिकामी होते, मुलगा काही उतरत नाही. बाप घरी येऊन बायकोला सांगतो, ‘त्याची गाडी चुकली असेल.’ दोन ताटं मांडून बसलेली ती म्हणते, ‘हात धुऊन घ्या, जेवायला वाढते.’ गोष्ट संपली. आणि निबंधाचा प्रश्न होता, बाप असं का सांगतो?

‘काका, तुम्ही निर्धास्त राहा,’ निबंध हातात घेताना ताई म्हणाल्या. ‘यंदा तुम्ही पास. माझी जबाबदारी.’

‘तुमच्या हातात दिलाय म्हणजे झालंच की,’ काका म्हणाले आणि लाजल्यासारखे हसले.

रविवारी सकाळी ताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो निबंध घेऊन बसल्या आणि पहिल्याच ओळीला त्यांचं डोकं उठलं. ‘मला आधी वाटलं बाप घाबरट आहे. मग वाटलं नाही, तसं नसेल. नक्की काय ते मला अजून कळलेलं नाही, पण मी लिहितो.’ अरे, कळलेलं नाही तर लिहितोस कशाला बाबा! पुढे तर सगळा आनंदच. एक वाक्य निघायचं, वाटेत दुसऱ्याच गल्लीत शिरायचं, तिथून परत यायचं, दमायचं. जेवणाच्या ताटांबद्दल चार ओळी. मग एकदम स्वतःच्या बायकोचं आजारपण, दवाखाना, डॉक्टर काय म्हणाले, काका तिला काय म्हणाले, असं पान-दीड पान. प्रश्न काय, उत्तर काय! ताईंनी त्या दीड पानावर उभी रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘असंबद्ध.’ त्यांनी विचारलेला हा एकमेव प्रश्न, आणि तोही प्रश्न नव्हताच.

मग त्यांचा हात जो चालला तो चाललाच. ‘मला वाटतं’ गेलं, ‘कदाचित’ गेलं, ‘कळत नाही’ तर पार हद्दपार झालं. सोमवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत त्यांनी निबंध टाइप केला. ‘प्रस्तुत कथेतील वडील पत्नीला दुःख होऊ नये या हेतूने असत्य कथन करतात.’ कशी ठणठणीत सुरुवात! दोन पानांत मामला खलास. ताईंनी कागद प्रिंटरमधून काढला, समाधानानं एकदा वाचला, आणि वाचता वाचताच डाव्या हातानं काकांचा कच्चा निबंध उभा-आडवा फाडून टोपलीत टाकला. आपण काही केलं हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. इतक्या वर्षांचा हात, तो डोक्याला विचारून थोडाच चालतो!

त्याच संध्याकाळी तास सुरू व्हायच्या आधी कॅन्टीनमध्ये दोघं बसले. ताईंनी काकांसमोर चहाचा ग्लास सरकवला आणि निबंध वाचून दाखवला. वाचला तो अर्थातच कोर्टातल्या सुरात, मध्ये कुठे दम न घेता. काका ग्लास हातात धरून, मान खाली घालून ऐकत होते. चहावर साय धरली.

‘बरोबर आहे?’ शेवटी ताईंनी विचारलं.

‘बरोबर आहे,’ काका मान हलवत म्हणाले. मग जरा चाचरतच, ‘त्यात तिचं काही राहिलं नाही का?’

‘कुणाचं?’

‘आमच्या हिचं.’

‘काका, ते विषयाला सोडून होतं. गुण गेले असते.’

‘हो, ते खरंच. पास तर व्हायलाच पाहिजे.’ त्यांनी साय बोटानं बाजूला केली. ‘मग तेवढी माझी पानं मला परत द्या ना ताई. माझ्यापाशी असू देत. तिच्याबद्दल मी कधी कुठे काही बोललो नव्हतो. कसं कोण जाणे, त्या दिवशी लिहिता लिहिता आलं. परत काही यायचं नाही ते.’

तेव्हा कुठे ताईंना दुपारची टोपली आठवली. पर्समध्ये हात घालण्यात अर्थ नव्हता, तरी त्यांनी घातला. ‘काका,’ त्या म्हणाल्या, ‘मी ते फाडलं.’

काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, ‘असू दे, असू दे. तुमची काय चूक, तुम्ही माझ्या भल्यासाठीच केलं,’ आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला. आणि ताईंना पहिल्यांदाच दिसलं की ही मान आपण आयुष्यभर पाहत आलोय. पिंजऱ्यातली माणसं अशीच मान हलवायची. त्यांना वाटायचं, एवढ्या शिकल्यासवरल्या बाई म्हणतात बरोबर आहे, तर असेल बुवा बरोबर. ताईंना स्वतःची मनस्वी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत त्या ऑफिसात पोचल्या. टोपली लख्ख रिकामी. झाडूवाल्या बाई म्हणाल्या, ‘काल संध्याकाळीच नेलं की सगळं. काय महत्त्वाचं होतं का?’ ताई म्हणाल्या, ‘हो.’ एवढंच. निबंध द्यायचा होता त्याच संध्याकाळी. ताईंनी काकांना फोन लावला. ‘दुपारी पोरांना सोडायच्या आधी तुम्हाला मोकळा वेळ असतो ना? कोर्टात या. माझ्या टेबलाशी.’

काका आले ते बिचकतच आले. जेवणाची सुट्टी होती, खोली रिकामी होती, वरती पंखा कुरकुरत होता. त्यांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. ‘तिथे उभा राहू का?’

‘वेडे आहात का! इथे बसा खुर्चीवर. आणि बोला. तुम्ही बोलाल ते मी टाइप करणार. एक अक्षर इकडचं तिकडे करणार नाही.’

काकांनी घसा साफ केला. ‘प्रस्तुत कथेतील वडील पत्नीला दुःख होऊ नये या हेतूने...’

‘अहो, हे माझं आहे! तुमचं सांगा.’

‘तुमचं चांगलं आहे की. मी रात्री पाठ केलं.’

‘माझं चांगलं नाहीये, काका,’ ताई म्हणाल्या, आणि आपल्या तोंडून हे निघालं याचं त्यांनाच नवल वाटलं. ‘माझं नुसतं स्वच्छ आहे.’

काकांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. ‘नाही येत ताई. म्हटलं ना मी.’

ताईंनी डोळे मिटले. रेघ मारायच्या आधी ते दीड पान त्यांनी एकदा वाचलं होतं, घाईघाईत, नाक मुरडून. त्यातलं काय आठवतंय? दवाखाना. डॉक्टर. आणि एक वाक्य होतं, तीनच शब्दांचं, इतकं साधं की त्यात सुधारण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

‘तुम्ही लिहिलं होतं, “ती ऐकून घ्यायची.”’

‘हो?’ काकांनी मान वर केली. ‘असं लिहिलं होतं मी?’

‘असंच.’

‘ऐकून घ्यायचीच ती,’ काका म्हणाले. आणि मग ते बोलायला लागले.

ताईंनी टाइप केलं. अडखळणं टाइप केलं, ‘म्हणजे’ टाइप केलं, ‘कळत नाही’ आलं तसं टाइप केलं. वाक्य दुसऱ्या गल्लीत शिरलं की त्याही मागोमाग शिरल्या. बोटं सवयीनं ‘सदर’ लिहायला जायची, त्या मागे घ्यायच्या. काल फाडलेलं होतं ते जसंच्या तसं परत आलं नाही. काही राहून गेलं, ते गेलंच. काही नवीन आलं. शेवटी काका खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, ‘वाचून दाखवा बरं.’

ताईंनी तोच आपला एका सुरातला आवाज लावला. ‘मला आधी वाटलं बाप घाबरट आहे. पण तो घरी येतो तेव्हा आईनं ताटं मांडून ठेवलेली आहेत आणि ती दोनच आहेत. मुलगा जेवायला येणार होता, मग दोन का? म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं की तो येत नाही. तरी ती बापाला खोटं पाडत नाही. मला हे कळायला वेळ लागला. माझी बायको आजारी होती तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता आशा ठेवू नका. मी आत जाऊन तिला म्हणालो, महिन्याभरात घरी सोडतील. ती बरं म्हणाली. मग रोज मी काहीतरी नवीन सांगायचो. ती ऐकून घ्यायची. मला वाटायचं मी तिला सांभाळतोय...’

इथे ताईंचा आवाज फुटला. खून, मारामाऱ्या, भावाभावांचे तंटे, काय काय त्यांनी या खोलीत वाचलं होतं, पण आवाज कधी हलला नव्हता. त्यांनी परत सुरुवात केली, परत तिथेच अडकल्या.

‘द्या इकडे,’ काका म्हणाले. त्यांनी कागद घेतला, लांब धरला आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं वाचलं. ‘मला वाटायचं मी तिला सांभाळतोय. ती दोन ताटं वाचली तेव्हा कळलं की तिला सगळं ठाऊक होतं. ती मला सांभाळत होती. बाप खोटं का बोलला ते मला नीट सांगता येत नाही. पण ती गप्प का राहिली, ते मला आता कळतंय.’

संध्याकाळी मॅडमनी विचारलं, ‘कच्ची प्रत कुठाय?’ काका काहीतरी सारवासारव करणार होते. ताई उभ्या राहिल्या आणि अख्ख्या वर्गासमोर म्हणाल्या, ‘मी फाडली. आधी खोडली, मग माझ्या मनानं दुसरं लिहिलं, मग फाडली. आज दिलाय तो निबंध मात्र त्यांचा आहे, मी फक्त टाइप केलाय.’ पोरं माना वळवून बघायला लागली. मॅडमनी ताईंच्या तपासणीच्या गुणांच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि म्हणाल्या, ‘बसा.’ वर्गात पहिला नंबर ताईंचा असायचा, तो त्या दिवशी गेला. घरी नवऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘आयुष्यात पहिल्यांदा नापास झालीस. पार्टी कधी?’ ताई हसल्या आणि मग पदराला डोळे पुसत बसल्या, तेव्हा तो उठून चहा टाकायला गेला.

निबंध परत मिळाले ते पुढच्या आठवड्यात. काका पास झाले होते, आणि काठावर नाही, चांगले. पोरांनी बाकं बडवली. ताईंचा जीव भांड्यात पडला. काका मात्र कागदाकडे बघत नुसते बसून होते. तास संपल्यावर त्यांनी शेवटचं पान ताईंपुढे धरलं. गुणांच्या खाली मॅडमनी समासात एकच प्रश्न लिहिला होता, ‘हे घरी कुणाला सांगितलंत का?’

‘सांगितलंत?’ ताईंनी विचारलं.

‘लेकीला सांगत आलोय की तुझ्या आईला काही कळलं नाही, ती अगदी निवांत गेली,’ काका म्हणाले. ‘ती पण काही विचारत नाही. ऐकून...’ आणि ते बोलता बोलता थांबले.

त्यांची लेक शेजारच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात कामाला होती. सुटली की ती कॉलेजच्या फाटकाशी येऊन थांबायची आणि काका तिला स्कूटरवर मागे बसवून घरी न्यायचे. ती आलेलीच होती. काकांनी निबंध तिच्या हातात दिला आणि स्वतः स्कूटरची सीट पुसायला लागले. सीट स्वच्छ होती. तरी पुसत राहिले. पोरगी दिव्याखाली उभी राहून वाचत होती. दुसऱ्या पानावर ती फार वेळ थांबली.

मग तिनं पानांची नीट घडी घातली, ती आपल्या पर्समध्ये ठेवली आणि वडिलांच्या हातातली किल्ली काढून घेतली.

‘मागे बसा बाबा. मी चालवते.’

‘अगं, मी आहे ना. मी नेतो की नेहमीसारखं.’

‘माहितीये. रोज तुम्हीच नेता. आज मागे बसा.’

जन्मभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी सोडणारा तो माणूस, कधी कुणाच्या मागे बसलेला नव्हता. पाय कुठे ठेवायचे तेही त्याला धड कळेना. लेकीनं मागे न बघताच त्याचा हात ओढला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. ‘घट्ट धरा,’ ती म्हणाली, आणि त्यानं धरलं.